दोनशे अंड्यांची भिंत

"बंद कर ते आधी," बाबाजान मिस्त्री दारातूनच म्हणाला.

त्याच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी गल्लीच्या वळणावर निसटली होती आणि ती उचलायला तो थांबला नव्हता. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्यांनी दहा वर्षांपूर्वीच काम सोडलेलं. पण ग्राइंडरचा किरकिराट कानावर पडला तसा तो घरापासून इथपर्यंत पळत आला होता. बाबाजानला पळताना पाहिलेलं माणूस पारनेरात त्या दिवसापर्यंत नव्हतं.

आत हॉलमध्ये आदिनाथ रंगारी भिंतीला भिडला होता. डोक्याला टॉवेल, डोळ्यांवर गॉगल, मिशा पांढऱ्याफटक. भिंतीचा परातीएवढा तुकडा त्याने सपाट केला होता आणि तेवढ्यात ग्राइंडरची तीन पाती खलास झाली होती. धूळ पिठाच्या गिरणीसारखी हॉलभर तरंगत होती.

आतल्या दाराच्या उंबऱ्यावर लंकाबाई बसली होती. नाकाला पदर, हात गुडघ्यावर आणि डोळ्यांत वरमाईचं समाधान.

"चालू दे रे आदिनाथ," ती म्हणाली. "मिस्त्रीला उभं ऱ्हाऊन बघू दे. सत्तावीस वर्सं मी बघितलं, आज त्याची पाळी."

"वैनी, ते बंद करायला सांगा. मग काय शिव्या द्यायच्यात त्या द्या."

"बंद कशाला करायचं? मशिनीच्या वर जातो माझा आवाज."

ते खरं होतं. लंकाबाईने परसातून म्हशीला हाक मारली की स्टँडवरून सुटलेली एसटी थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं, कोणीतरी चढायचं राहिलंय.

आदिनाथने पातं बदलायला मशीन थांबवली आणि गॉगल कपाळावर सरकवला. तिशीतला, अंगाने आडवा आणि बोलायला त्याहून आडवा. "मिस्त्री, भिंत बांधलीय का सूड उगवलाय? तीन पाती खाल्ली हिनं. चौथं लावतोय. आज ही न्हाई, न्हाईतर मी तरी न्हाई."

हा गिलावा काय होता, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अठ्ठ्याण्णव साली लंकाबाईच्या नवऱ्याने, सूर्यभानने, हे घर बांधलं. त्याचा दुधाचा टेम्पो होता, आणि टेम्पोच्या फाळक्यावर नक्षी असते तशी घरातही असावी असं त्याचं म्हणणं. गुळगुळीत भिंत काय, कोणाचीही असते. बाबाजानचा गिलावा तेव्हा तालुक्यात गाजत होता. साध्या गिलाव्यावर तो आपल्या खास मालाचा दुसरा थर चढवायचा, ओला असतानाच त्यावर काथ्याचा गुंडा दाबायचा आणि झटक्यात मागे ओढायचा. मालाला काटे फुटायचे. वाळल्यावर भिंत मगरीच्या पाठीसारखी दिसायची, म्हणून तिचं नाव मगरपाठ. उजव्या कोपऱ्यात खाली वीतभर जागा सपाट ठेवून तो खिळ्याने नाव कोरायचा: बाबाजान मिस्त्री, पारनेर. अशी चौतीस घरं त्याने केली.

मगरपाठीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. भर दुपारी एक चोर सूर्यभानच्या घरात शिरला आणि कोणाचा पाय वाजला म्हणून भिंतीला चिकटून उभा राहिला. मग तो पळाला, सदरा राहिला. संध्याकाळी सूर्यभानने सदरा चावडीवर टांगला, तर चोराच्या बायकोनेच ओळखला आणि धुवायला घरी नेला. म्हशीचं तर सगळ्यांना माहीत आहे. ती दावं तोडून हॉलमध्ये यायची, पाठ घासून घ्यायची आणि त्या दिवशी दोन लिटर जास्त द्यायची. ही गोष्ट खोटी म्हणणारे पारनेरात दोघेच आहेत, आणि दोघांनाही म्हैस नाही.

पण अंड्यांची गोष्ट निराळी. ती बाबाजानने स्वतः रचली.

घर पुरं झाल्यावर सूर्यभानने गावाला जेवण दिलं. पंगत हॉलमध्येच होती. कोणीतरी भिंतीवर नख घासून विचारलं, "मिस्त्री, घातलंय काय ह्याच्यात, एवढं घट्ट बसायला?" सगळी पंगत बाबाजानकडे बघायला लागली. त्याची नजर दाराबाहेर गेली. तिथे शेजाऱ्यांच्या कोंबड्या उकरत होत्या.

"अंडी," तो म्हणाला.

"किती?"

"दोनशे."

लंकाबाई तेव्हा चौतीस वर्षांची. तिने त्याच वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली होती. हातात आमटीची बादली होती. तिने बादली जमिनीवर ठेवली, पळी बादलीत ठेवली, मागे जाऊन हातपाय धुतले आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. सूर्यभानने मिस्त्रीला कोपऱ्यात घेतलं. म्हणाला, गंमत केली म्हणून सांग. पण पंगतीचे कान टवकारलेले होते, आणि बाबाजानला माघार ठाऊक नव्हती. तो मोठ्याने म्हणाला, "गावरान हुती."

त्या दिवसापासून लंकाबाईने हॉलमध्ये पाण्याचा घोट घेतला नाही. झाडायला यायची ती लुगडं आवरून, भिंतीपासून हातभर दूर राहून. देव्हारा पडवीत गेला, ताट पडवीत गेलं. मुलाचं लग्न ठरलं ते पडवीत, सूर्यभान गेला तेव्हा तिला भेटायला आलेल्या बायका बसल्या त्याही पडवीत. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसाळ्यात पागोळ्या ताटात पडायच्या. गाव हसायचं. बाबाजानही बरीच वर्षं हसला.

"सांगून टाका की तिला, अंडी नव्हती म्हणून," त्याची बायको शमशाद म्हणायची.

"मग काय हुतं ते बी सांगावं लागंल."

होतं ते असं. नगर रस्त्यावरच्या एका तेलगिरणीची शेड वावटळीत पडली होती. सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे ढिगाने पडलेले, कोणीही न्या. बाबाजानने बैलगाड्या भरून आणले. शमशाद अंगणात उखळापाशी बसायची, मुसळाने तुकडे कांडायची, भुगा जुन्या ओढणीतून चाळायची. त्या भुग्यात बारीक केसांसारखे तंतू असायचे. ते मालात मिसळले की काटे ताठ उभे राहायचे, वाळताना तडा जायचा नाही. हाच खास माल. पण भंगारातून गिलावा करतो असं बाहेर फुटलं असतं तर मिस्त्रीची पत राहिली नसती. अंड्यांना निदान इज्जत होती.

शमशादने नऊ वर्षं कांडलं. चार वर्षांपूर्वी खोकून खोकून ती गेली. नगरच्या डॉक्टरने तिच्या छातीचा फोटो उजेडाला धरला होता. विचारलं, "सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होत्या का कामाला?"

"न्हाई," बाबाजान म्हणाला होता. "घरीच असायची."

मग जाता जाता, उगाच विचारल्यासारखं, त्याने विचारून घेतलं: तसल्या पत्र्याचा भुगा भिंतीत घट्ट बसलेला असला तर? डॉक्टर म्हणाला, बसलेला असू द्या. फोडू नका, घासू नका. हवेत उडाला तर वाईट.

त्या दिवसापासून त्याने एकच काम धरलं: मगरपाठीला कोणी हात लावू नये. खरं सांगायचं धाडस नव्हतं, पण थापांना तोटा नव्हता. हिवरे बाजारच्या पुष्पावतीबाईंना सांगितलं, हा थर आहे तोवर घराला वाळवी लागणार नाही. सुप्याच्या बिभीषणला सांगितलं, तुझा स्लॅब ह्या भिंतीच्या काट्यांवरच टेकलाय. गोरक्ष ऐकेना तेव्हा त्याला सांगितलं, भिंतीत नाग राहतो, त्याला उघडा पाडू नको. गोरक्ष तेव्हापासून दर सोमवारी भिंतीपाशी वाटीभर दूध ठेवतो. गावाचं मत असं झालं, की म्हातारा आपल्या कामाच्या घमेंडीत मरणार.

आणि आज लंकाबाई.

"वैनी," बाबाजान धापा आवरत म्हणाला, "ही भिंत लोड घेती. वरचा स्लॅब..."

"बिभीषणला सांगितलंस ते मला नगं सांगू."

"आतून वायर गेल्यात. जुन्या. करंट..."

"वायर पट्टीतनं गेल्यात, दिसतायत की," आदिनाथ म्हणाला. "आता नाग काढा, मिस्त्री. नाग ऱ्हायला."

लंकाबाई हसली. तिचे पुढचे दोन दात पडले होते, त्यामुळे हसू आणखीच धारदार दिसायचं. "अक्षय तृतीयेला माझा देव ह्या हॉलमदी बसनार. तुझी दोनशे पिल्लं आज उडाली म्हनून समज. चालू कर रे."

मशीन पुन्हा किंचाळली. धुळीचा लोट दारातून बाहेर आला. बाबाजानने तोंडावर हात धरला, घराला वळसा घालून तो परसात गेला. मेन स्विच तिकडे होता, हे त्याला माहीत होतं. त्या भिंतीचा गिलावाही त्यानेच केला होता.

परसात मोनिका बसली होती. लंकाबाईची सून. शिकलेली, कामसू, गुलाबाची हौस असलेली. तिच्यापुढे कुंड्या मांडलेल्या, बाजूला घमेलंभर पांढरा भुगा. रव्याची चाळणी दोन्ही हातांत धरून ती तो चाळत होती. खडे एकीकडे, पीठ एकीकडे. पीठ वाऱ्यावर तिच्या तोंडावर येत होतं आणि ती मान वळवून पुन्हा चाळत होती.

"हे काय करती?" बाबाजानने विचारलं.

"खत," मोनिका म्हणाली. "आदिनाथभाऊ म्हनले, अंड्याचं हाय तर गुलाबाला चांगलं."

मान वळवायची लकब शमशादचीच होती. खांद्याला नाक पुसायची लकबही तीच.

बाबाजानने चाळणी तिच्या हातातून घेतली, घमेल्यावर शेजारच्या हौदातलं बादलीभर पाणी ओतलं, मीटरच्या पेटीचा खटका पाडला, फ्यूज उपसून खिशात घातला. आत मशीन रडत रडत थांबली.

पुढच्या मिनिटाला आदिनाथने परसात येऊन त्याची कॉलर धरली होती, मागोमाग लंकाबाईही आली होती.

"फ्यूज द्या."

"न्हाई देत."

"मिस्त्री, वय बघतोय म्हनून. न्हाईतर ह्या हौदात बुचकळून काढीन."

"बुचकळ. पन मशीन लावू नको. त्याच्यात अंडी न्हाईत." बाबाजान लंकाबाईकडे बघत नव्हता, आदिनाथच्या पांढऱ्या मिशांकडे बघत होता. "त्याच्यात पत्रा हाय. सिमेंटचा पत्रा, कुटून. त्याची धूळ छातीत बसती. शमशाद त्यानंच गेली."

 मग आदिनाथने कॉलर सोडली आणि हसत सुटला.

"वाळवी झाली, स्लॅब झाला, करंट झाला. आता पत्रा. उद्या सोनं निघंल. काकू, ह्यांना घरी पोचवा, न्हाईतर म्हाताऱ्याला झटका येईल आपल्या दारात."

लंकाबाई मात्र हसली नाही. "मेलेल्या बायकोचं नाव घेऊन खोटं बोलतोस? शमशाद माझ्याकडं ताक न्यायला यायची. तिच्या मयताला आल्ते मी, तुझ्यासाठी न्हाई. लाज वाटू दे."

"खरं हाय, वैनी."

"तुझं खरं कसं वळखायचं? आजवर बघितलंय का कुनी?"

 चार वर्षं, चौतीस घरं, आणि एकही माणूस नाही जो त्याच्या शब्दावर विश्वास ठेवेल. हे पीक त्यानेच लावलं होतं.

"मी घरी जाऊन येतो," तो म्हणाला. "तवर थांबा."

"फ्यूज ठिवून जा."

"फ्यूज घिऊन चाललोय, म्हनून तर तुमी थांबनार."

तो गेला तसाच आला, या वेळी दोन्ही पायांनी अनवाणी. एका काखेत दवाखान्याचं मोठं तपकिरी पाकीट, दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्याने फडकं ओट्यावर ठेवून उलगडलं. करड्या पत्र्याचा हातभर तुकडा होता, शेळीच्या गोठ्यात उरलेला. मोडलेली कड वर केली. ओल्या कडेतून पांढरे तंतू बाहेर आले होते, म्हाताऱ्याच्या कानातल्या केसांसारखे.

"आता भिंतीला पानी मार आनि जवळनं बघ. हात नको लावू."

आदिनाथ कुरकुरत आत गेला. तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याने गॉगल काढलेला होता आणि डोळ्यांभोवतीची दोन वर्तुळं सोडली तर सगळा चेहरा पिठासारखा होता. सुप्याला कंपन्यांची कामं करताना त्याला एकदा गेटवर अडवून समजावलं होतं, जुन्या शेडच्या पत्र्याला मशीन लावायची नाही म्हणून. तेव्हा त्याने कागदावर सही केली होती आणि विसरून गेला होता.

बाबाजानने पाकिटातून फोटो काढला आणि परसातल्या उन्हाकडे धरला. काळ्या फिल्मवर बरगड्यांचा पिंजरा दिसला आणि पिंजऱ्याच्या कडेने, खाली, पांढरे चट्टे. 

"नऊ वर्सं कांडलं तिनं," तो म्हणाला. "मी भिंतीवर नाव घालत हुतो."

आदिनाथने हौदातून तोंडावर पाणी घेतलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग मिशा चोळत तो बाबाजानसमोर येऊन उभा राहिला, आणि त्याने दिलेल्या शिव्या इथे लिहिता येण्यासारख्या नाहीत. पारनेरात त्या अजून कोणी दुसऱ्याला दिलेल्या नाहीत. शेवटी दम लागला तेव्हा त्याने विचारलं, "मला काय हुईल?"

"थोड्यानं बहुतेक काय हुत न्हाई म्हनला हुता डाक्तर."

"बहुतेक?"

"बहुतेक."

"थू तुमच्या जिंदगीवर."

"व्हय," बाबाजान म्हणाला.

मोनिका हात धुवायला पळाली होती. लंकाबाई ओट्याच्या कडेला तशीच उभी होती. फोटोकडे तिने एकदाच पाहिलं होतं. ती पत्र्याकडे बघत नव्हती, आदिनाथकडेही नाही.

"म्हंजी अंडी न्हवती?" ती म्हणाली.

"न्हवती."

"एक बी?"

"एक बी न्हाई, वैनी."

"गावरान म्हनलास."

"म्हनलो."

तिचा आवाज, एसटी थांबवणारा, इतका खाली गेला की आदिनाथला कान पुढे करावा लागला. "मालक म्हनायचे, म्हातारपनी तरी हॉलमदी ये, एकत्र जेवू. शेवटच्या दुखन्यात तितंच खाट हुती त्यांची. तितंच खायचे. मी दारातनं ताट सरकवायची आनि मागं जाऊन जेवायची." ती बाबाजानकडे वळली. "तुला माहीत हुतं."

"व्हय."

"हसायचास."

"हसायचो."

तिने जवळचा तांब्या उचलला. आदिनाथ बाजूला झाला. पण तिने तो मारला नाही. त्यातलं पाणी तुळशीला ओतलं आणि रिकामा तांब्या बाबाजानच्या पायापाशी ठेवला. "भिंत आता कशी निस्तरायची ते सांग. आनि सांगून झालं की तोंड दाखवू नको."

निस्तरायचं कसं, ते बाबाजानने चार वर्षं मनात घोळवून ठेवलं होतं. खरवडायचं नाही. उघडा पडलेला तुकडा ओला करून वर जाड रंगाचे दोन हात, म्हणजे भुगा आतल्या आत बसेल. मग सगळ्या भिंतीवर सपाट बोर्ड. मगरपाठीत एकही भोक पाडायचं नाही. बाजूच्या साध्या भिंतींना, वर छताला, खाली जमिनीला पट्ट्या ठोकायच्या आणि बोर्ड त्यांवर. खोली चार बोटं लहान होईल, बाकी काही नाही.

खाली पडलेली धूळ काढायची ती त्याने एकट्याने काढली. सगळ्यांना घराबाहेर घातलं, पंखे बंद करवले, सूर्यभानचा औषध फवारायचा पंप धुऊन पाठीवर घेतला आणि साध्या पाण्याचा बारीक फवारा हॉलभर मारला. तोंडाला तो शमशादची ओढणी ओली करून बांधायला लागला, तेव्हा आदिनाथ मोटरसायकलवर जाऊन आला आणि दोन्ही बाजूंना गोल डबे असलेला कंपनीतला मास्क त्याने दारातून फेकला.

"हे बांधा. तुमी मेलात तर बाकीची घरं कोन दाखवनार?"

गुडघ्यांवर बसून बाबाजानने हॉल ओल्या फडक्याने पुसला. फरशीची एकेक रेघ पुसली. फडकी, मोनिकाची चाळणी, घमेलं, कुंड्यांतली वरची माती, सगळं खताच्या प्लॅस्टिकच्या गोण्यांत, गोणीत गोणी घालून, तोंडं दाभणाने शिवली. गोण्यांवर कोळशाने लिहिलं: उघडू नये. असला माल न्यायला कंपनीत वेगळी गाडी येते, तिच्या माणसाशी आदिनाथ बोलणार होता. बाबाजान पुसत होता तोवर लंकाबाई अंगणातल्या कडुलिंबाखाली बसून त्याच्या सात पिढ्या बाहेर काढत होती. चौथ्या पिढीपाशी तिला ठसका लागला. मोनिकाने पाणी दिलं. पाणी पिऊन ती पुन्हा पहिलीपासून सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तो बाकीच्या घरांकडे निघाला. खिशात कागद होता, त्यावर तेहतीस नावं. दारात उभं राहून एकच वाक्य बोलायचं ठरवलं होतं: "गिलावा माझा हाय, आनि तो घासू नका." पुष्पावतीबाईंनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. बिभीषणने कुत्रं सोडलं. कुत्रं म्हातारं होतं, तेही दोन पावलं येऊन बसलं. गोरक्ष सोमवारची वाटी हातात घेऊन उभा होता.

"मग चार वर्सं दूध कोन पीत हुतं?" त्याने विचारलं.

"मांजर असंल."

वाटी बाबाजानच्या खांद्याला लागली. दूध सदऱ्यावरून खाली ओघळलं. त्याने कागदावर गोरक्षच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या घरी तो तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी आदिनाथने बोर्ड आणले. बाबाजानला कोणी बोलावलं नव्हतं. तो आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. पट्ट्या ठोकून झाल्या. बोर्ड उचलायला आदिनाथला दुसरा माणूस लागत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि दुसरं कोणी नव्हतं.

"या, धरा," तो म्हणाला. "बोलू नका फक्त."

"कुटनं सुरू करू, काकू?" त्याने आत हाक मारली.

लंकाबाई आतल्या दारात आली. "आधी ते नाव झाका," ती म्हणाली.

उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात झाली. बाबाजान खाली वाकला. बोर्डची खालची कड त्याने दोन्ही तळव्यांवर तोलून धरली आणि उजवी बाजू आधी टेकवत इंचाइंचाने भिंतीकडे नेली. 'पारनेर' आधी झाकलं, मग 'मिस्त्री'. आदिनाथने स्क्रू पिळायला घेतले. ते पिळून होईपर्यंत बाबाजानने बोर्ड सोडला नाही आणि मानही वर केली नाही.

दुपारपर्यंत भिंत झाली. सपाट, पांढरी, कोणाचीही असते तशी.

आदिनाथ हत्यारं गोळा करत होता. बाबाजान उंबरा ओलांडून बाहेर आला आणि चप्पल शोधायला लागला. एवढ्यात आतून लंकाबाई आली. हातात ताट होतं. दोन भाकरी, मेथीची भाजी, ठेचा, कांदा. मोनिका पाट घेऊन मागे आली, तिला तिने मानेनेच परत पाठवलं. हॉलच्या मधोमध, दार आणि खिडकी यांच्यामध्ये, नुसत्या फरशीवर ती मांडी घालून बसली. ताटाभोवती पाणी फिरवलं. पहिला घास तोंडात घालून तो बराच वेळ चावला.

खिडकीचा पडदा हलला. कपाळावरची पांढरी बट हलली. तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे.

"इतं वारं येतं की," ती म्हणाली.

ती कोणालाच म्हणाली नव्हती. आदिनाथ हत्यारांच्या पिशवीत वाकला होता, तो वर आला नाही. बाबाजानने एक पाय चप्पलमध्ये घातला होता. दुसरी चप्पल समोरच होती. पण ती पायात घालायला त्याला फार वेळ लागला.